शरीरातील पहारेकऱ्यांचा शोध : इल्या मेचनिकॉफ



अनवाणी चालताना पायात काटा मोडला की दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, सुजते, ठणकते, कधी पू धरते. हा अनुभव आपणा सर्वांना आहे. पण ही सूज म्हणजे शरीराची हार की शरीराचा लढा, असा प्रश्न आपणास कधी पडला आहे काय? १८८२ साली तो एका प्राध्यापकाला पडला. त्यांची ही ओळख आहे.

इल्या मेचनिकॉफ यांचा जन्म १८४५ च्या मे महिन्यात खारकोव्ह शहराजवळच्या खेड्यात झाला. तो मुलूख त्या वेळी रशियन साम्राज्यात होता. आज तो युक्रेनमध्ये आहे. विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांत पुरा केला आणि पुढे ओडेसा येथे ते प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले. संसारात मात्र सुख लाभले नाही. पहिली पत्नी ल्युडमिला लग्नाच्या वेळीच क्षयाने इतकी खंगली होती की तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. १८७३ मध्ये ती गेली. दुःखाच्या भरात मेचनिकॉफ यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. सुदैवाने ते वाचले. त्यांच्या हातून जगावर जे उपकार झाले, ते सारे त्यानंतरचे आहेत, हे विसरू नका.

१८८२ मध्ये ओडेसातील राजकीय धुमाळीला कंटाळून त्यांनी राजीनामा दिला आणि दुसरी पत्नी ओल्गा व तिची भावंडे यांच्यासह ते सिसिली बेटावरील मेसिना येथे राहावयास गेले. एके दिवशी घरची मंडळी सर्कस पाहावयास गेली होती. मेचनिकॉफ एकटेच सूक्ष्मदर्शकाखाली तारामाशाची काचेसारखी पारदर्शक पिल्ले न्याहाळीत होते. त्यांच्या अंगात काही पेशी इकडून तिकडे फिरताना दिसल्या. या पेशी शरीराचे पहारेकरी तर नसतील? बागेतील गुलाबाचे काटे आणून त्यांनी ते पिल्लांच्या त्वचेखाली खुपसले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तो काट्याभोवती त्या फिरत्या पेशींचा गराडा पडलेला!

आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी हेच काम करतात. त्या जंतूंना गिळून पचवितात. म्हणून त्यांना भक्षक पेशी म्हणतात. पांढऱ्या पेशी रोगजंतू अंगभर पसरवितात, असे त्या काळच्या अनेक डॉक्टरांचे मत होते. मेचनिकॉफ यांनी ते उलटे केले. दाह हा शरीराचा बचाव आहे, असे त्यांनी मांडले. कडाडून विरोध झाला, तरी ते मागे हटले नाहीत. १८८८ मध्ये लुई पाश्चर यांनी त्यांना पॅरिसच्या संस्थेत जागा दिली. १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना आणि रक्तद्रवातील प्रतिद्रव्यांचा अभ्यास करणारे पॉल एर्लिख यांना विभागून मिळाले. मुंबईत १८९७ साली प्लेगची लस टोचून घेणारे हाफकिन ओडेसातील त्यांचेच विद्यार्थी. परळची हाफकिन संस्था आपणास ठाऊक आहेच.

उतारवयात मेचनिकॉफ आतड्याकडे वळले. मोठ्या आतड्यातील जंतूंच्या विषामुळे म्हातारपण लवकर येते, असे त्यांना वाटे. म्हणून ते आंबट दूध घेण्याचा सल्ला देत. मोठे आतडे निरुपयोगी आहे, हे त्यांचे मत पुढे टिकले नाही. पण त्यांच्या भक्षक पेशींचा शरीरातील सर्वांत मोठा तळ आतड्यातच आहे, हे आज सिद्ध झाले आहे.

येथेच एका चिवट रोगाचे मूळ आहे. क्रोन्स डिसीज आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस ही त्याची दोन रूपे. निरोगी आतड्यात भक्षक पेशी अस्तराखाली बसून आत शिरणारे जंतू गुपचूप गिळतात. गवगवा करीत नाहीत. या रोगात मात्र रक्तातून नव्याने येणाऱ्या पेशी शांत होत नाहीत. त्या टीएनएफसारखी द्रव्ये सोडून आणखी कुमक बोलावितात. त्या गर्दीत अस्तरालाच जखमा होतात, जखमेतून आणखी जंतू आत शिरतात आणि लढाई थांबतच नाही. पहारेकऱ्याने चोर गेल्यावरही काठी फिरवीत राहावे आणि घरातीलच भांडी फोडावीत, तसा हा प्रकार. आनुवंशिकता, आतड्यातील जंतू व राहणीमान यांचा त्यात एकत्र हात असतो. टीएनएफला रोखणारे औषध १९९८ पासून वापरात आहे. अनेकांना त्याने आराम पडतो. रोग समूळ नाहीसा करणारे औषध अद्याप नाही.

पालकहो, मुलाला आठवडेच्या आठवडे जुलाब होत असतील, शौचातून रक्त पडत असेल, वजन घटत असेल किंवा वाढ खुंटली असेल, तर मूळव्याध समजून घरगुती उपाय करीत बसू नका. आपल्याकडे आतड्याचा क्षयही असाच दिसतो आणि दोहोंची औषधे अगदी निराळी आहेत; म्हणून तपासणी करूनच निदान व्हावयास हवे. दही पथ्यात बसले तरी ते औषधाची जागा घेत नाही. हा रोग संसर्गाने पसरत नाही. विद्यार्थी मित्रहो, तासाला वारंवार बाहेर जाणाऱ्या सोबत्याला हसू नका. आणि आम्ही शिक्षकांनीही त्याला कामचुकार ठरविण्याआधी त्याची विचारपूस करावी.

जुलै १९१६ मध्ये मेचनिकॉफ पॅरिस येथे निवर्तले. त्यांच्या अस्थी पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवल्या आहेत. त्यांनी डोळ्यांनी पाहून पारखलेले टिकले. नुसत्या तर्काने मांडलेले पुढच्या संशोधकांनी तपासले आणि दुरुस्त केले. विद्येची वाट अशीच पुढे जाते. मोठ्या माणसाचा आदर करावा, पण त्याचे म्हणणेही पारखून घ्यावे, हाच त्यांच्या चरित्राचा धडा आहे.