चमच्याला शिस्त लावणाऱ्या मुख्याध्यापिका : फॅनी फार्मर



पाककृतीच्या पुस्तकात एक कप, अर्धा चमचा, पाव चमचा अशी मापे आपण सहज वाचून जातो. त्यात काही विशेष आहे असे कोणाला वाटत नाही. परंतु चमचा म्हणजे नेमका किती, हे घरोघरी सारखे असावे यासाठी अमेरिकेतील एका बाईंनी आयुष्य वेचले. त्यांचे नाव फॅनी मेरिट फार्मर.

फॅनीचा जन्म २३ मार्च १८५७ रोजी बोस्टन येथे झाला. चार बहिणींत ती थोरली. वडील मुद्रण व्यवसायात होते आणि मुलींनी शिकावे असे घरात सर्वांना वाटे. फॅनी अभ्यासात हुशार, तेव्हा तिने कॉलेजात जायचे हे ठरल्यासारखेच होते. पण वयाच्या सोळाव्या वर्षी तिला अर्धांगवायूचा झटका आला. (तो पोलिओ असावा असे आज काहींचे मत आहे.) कित्येक महिने तिला चालता येईना. शाळा सुटली, कॉलेजचा विषय संपला. पुढे ती चालू लागली, पण पायातला दोष जन्मभर राहिला.

घरात बसून राहण्यापेक्षा तिने स्वयंपाकात लक्ष घातले. आई-वडिलांच्या घरी पैसे देऊन राहणारी मंडळी असत, त्यांना तिच्या हातचे आवडू लागले. तिशीच्या सुमारास तिने बोस्टन कुकिंग स्कूलमध्ये प्रवेश घेतला. ज्या वयात लोक शिक्षण संपवून स्थिरावतात, त्या वयात ही पुन्हा विद्यार्थिनी झाली! १८८९ मध्ये शिक्षण पूर्ण होताच शाळेने तिला तेथेच ठेवून घेतले आणि काही वर्षांतच ती त्या शाळेची मुख्याध्यापिका झाली.

आता फार्मर बाईंचे खरे काम. त्या काळच्या पाककृतींत अंड्याएवढे लोणी, चहाचा एक पेला पीठ, मूठभर अमुक अशी भाषा असे. आपल्याकडे तरी वेगळे काय? आई-आजीच्या हाताला माप ठाऊक असते, पण शिक्षणासाठी परगावी राहणाऱ्या मुलाने फोन करून विचारले, तर अंदाजाने घाल एवढेच उत्तर मिळते. ज्याला अंदाजच नाही, त्याने काय करावे? बाईंच्या वर्गात अंदाजाला जागा नव्हती. कप ठरलेल्या मापाचा हवा. चमचा शिगोशीग भरायचा आणि वरून सुरीची धार फिरवून सपाट करायचा. अर्धा चमचा हवा असेल तर त्या सपाट भागाचे सुरीने लांबीत दोन भाग करायचे, पाव हवा असेल तर त्या अर्ध्याचे आडवे दोन. मापांची कल्पना काही त्यांनी पहिल्यांदा काढली नाही. त्याच शाळेच्या आधीच्या प्रमुख मेरी लिंकन यांच्या १८८४ च्या पुस्तकातही मापे होती. पण त्यांचा आग्रह धरला तो फार्मर बाईंनी. वजनाचे माप अधिक अचूक असते, असे विज्ञानाचे शिक्षक म्हणतील आणि ते बरोबरच आहे. मात्र तराजू प्रत्येक स्वयंपाकघरात नसतो, कप आणि चमचा असतो.

१८९६ साली त्यांनी शाळेच्या नावाने पाकशास्त्राचे मोठे पुस्तक लिहिले. अठराशेच्या वर पाककृती, आणि सुरुवातीलाच अन्नातील घटकांची माहिती. लिटल, ब्राऊन या प्रकाशकांना ते खपेल असा भरवसा नव्हता. लेखिकेनेच छपाईचा खर्च करावा या अटीवर त्यांनी ३,००० प्रती काढल्या. बाईंनी ते मान्य केले, पण पुस्तकाचे हक्क आपल्याकडे ठेवले. प्रकाशकांनी स्वतःचे नुकसान टाळायला घातलेली अट बाईंच्या पथ्यावर पडली! त्यांच्या हयातीतच पुस्तकाच्या तीन लाखांहून अधिक प्रती खपल्या. हिशोब फक्त कणकेचाच नव्हे, पैशाचाही पक्का होता.

१९०२ मध्ये त्यांनी स्वतःची शाळा काढली, मिस फार्मर्स स्कूल ऑफ कुकरी. तेथे सामान्य गृहिणी शिकत, तसेच परिचारिकाही. कारण बाईंचा ओढा आता रुग्णांच्या आहाराकडे वळला होता. जिने स्वतः इतके दिवस अंथरुणावर काढले, तिला आजाऱ्याच्या ताटाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. १९०४ मध्ये त्यांनी याच विषयावर पुस्तक लिहिले. त्यात मधुमेहींच्या आहारावरही प्रकरण आहे. लक्षात घ्या, तेव्हा इन्सुलिनचा शोध लागलेला नव्हता, पथ्य हाच मुख्य उपाय होता. कॉलेजचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयात या विषयावर व्याख्याने दिली. आपले हेच काम सर्वांत मोलाचे, असे त्यांना स्वतःला वाटे.

शेवटची काही वर्षे पायांनी पुन्हा साथ सोडली. तरी त्या चाकांच्या खुर्चीत बसून वर्ग घेत, गावोगावी व्याख्यानांना जात, बहिणीच्या मदतीने मासिकात सदर लिहीत. १५ जानेवारी १९१५ रोजी वयाच्या ५७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. शेवटचे व्याख्यान त्यांनी त्याआधी दहाच दिवस दिले होते. त्यांची शाळा पुढे १९४४ पर्यंत चालली. पुस्तकाच्या तर नव्या आवृत्त्या त्यानंतरही निघत राहिल्या आणि पुढे त्या शाळेच्या नावाऐवजी बाईंच्याच नावाने ओळखल्या जाऊ लागल्या.