तुरुंगात जन्मलेला फ्लोटिंग चेंबर: 'कार्बाइन' विल्यम्सची गोष्ट

तुम्ही एनसीसीमध्ये असाल तर कॅम्पला 'पॉइंट टू टू' रायफल हातात घेतली असेल. जमिनीवर पालथं पडून पाच गोळ्या झाडायच्या आणि मग टार्गेटच्या कागदावर भोकं शोधत बसायचं. (माझी दोनच सापडली होती.) २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेनं ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ जिंकलं, तेही याच .२२ च्या काडतुसावर. हे काडतूस स्वस्त असतं, आवाज कमी करतं आणि धक्काही फारसा देत नाही. म्हणजे सरावाला एकदम बेस्ट.

हे काडतूस 'रिमफायर' प्रकारातलं. पेट घेणारा मसाला पुंगळीच्या मागच्या कडेत भरलेला असतो, त्यामुळे फायरिंग पिन कडेवर आपटते. सैन्याच्या रायफली आणि पिस्तुलांची काडतुसं मात्र 'सेंटरफायर' असतात. त्यांच्या बुडाच्या मधोमध एक छोटी टोपी असते आणि पिन तिच्यावर आपटते. ही काडतुसं ताकदवान, म्हणून महागही.

मग प्रश्न असा: मोठ्या सेंटरफायर बंदुकीत काही भाग बदलून स्वस्त .२२ झाडता येईल का? फोनला अडॅप्टर लावतो तसं? याला कन्व्हर्जन किट म्हणतात. यातली सगळ्यात डोकेबाज युक्ती ज्याच्या नावावर आहे, त्या माणसाला ती खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा भोगताना सुचली.

डेव्हिड मार्शल विल्यम्सचा जन्म १९०० चा, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातला. शाळेत मन रमलं नाही. वय लपवून नौदलात गेला, तिथून परत पाठवला गेला. पुढे लग्न झालं, रेल्वेत नोकरी लागली. १९२० मध्ये देशभर दारूबंदी आली आणि नोकरीच्या जोडीला त्यानं जंगलात हातभट्टी सुरू केली. जुलै १९२१ मध्ये तिथे धाड पडली, गोळीबार झाला आणि त्यात आल्फ्रेड पेट नावाचा डेप्युटी शेरीफ मारला गेला. विल्यम्स तेव्हा २० वर्षांचा होता. पहिल्या खटल्यात ज्युरीचं एकमत झालं नाही. मग त्यानं दुसऱ्या दर्जाच्या खुनाचा गुन्हा कबूल केला आणि त्याला २० ते ३० वर्षांची शिक्षा झाली. गोळी नेमकी कुणाची, यावर नंतरही वाद होत राहिला. पण पेट घरी परतला नाही, यात काही वाद नाही. विल्यम्सबद्दलचे बरेच लेख हा भाग एका ओळीत उरकतात, ते मला पटत नाही.

त्याला कॅलेडोनिया नावाच्या तुरुंगाच्या शेतीफार्मवर पाठवलं. तिथले अधीक्षक होते पीपल्स. पोरगा यंत्रांत हुशार आहे हे त्यांनी ओळखलं आणि त्याला वर्कशॉपमध्ये घेतलं. पहारेकऱ्यांच्या बिघडलेल्या बंदुका तो दुरुस्त करून द्यायचा आणि रात्री जागून कागदावर आकृत्या काढायचा. आई बाहेरून बंदुकांची तांत्रिक माहिती पाठवायची. हळूहळू भंगारातून पार्ट घडवून त्यानं तुरुंगातच चालणाऱ्या रायफली तयार केल्या. विचार करा, कैदी बंदूक बनवतोय आणि जेलर बनवू देतोय! पीपल्सनी केवढी रिस्क घेतली असेल.

तुरुंगात त्याला सुचलेल्या दोन कल्पना पुढे गाजल्या. त्यातली एक म्हणजे 'फ्लोटिंग चेंबर'. ती कळायला आधी अडचण कळली पाहिजे.

सेमी-ऑटोमॅटिक बंदुकीत गोळी सुटली की मागच्या धक्क्यानं बोल्ट किंवा स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि नवं काडतूस आत बसतं. मोठ्या काडतुसासाठी हे भाग वजनदार केलेले असतात. .२२ चा धक्का त्यांच्यापुढे अगदीच फुसका. बाइकचं इंजिन ट्रकला बसवल्यासारखं.

एक उपाय म्हणजे स्लाइड हलकी करायची. कोल्ट कंपनीचं १९३१ चं 'एस' पिस्तूल असंच होतं. पण त्यात खऱ्या .४५ पिस्तुलासारखा झटका बसत नाही, म्हणजे सराव अर्धाच होतो.

विल्यम्सनं वेगळा विचार केला. काडतूस ज्या पोकळीत बसतं ते चेंबर एरवी नळीचाच भाग असतं. त्यानं ते सुटं केलं आणि किंचित मागे सरकेल असं ठेवलं. आता गोळी सुटल्यावर गॅस फक्त पुंगळीच्या बुडाला ढकलत नाही, तर चेंबरच्या पुढच्या तोंडालाही मागे ढकलतो. अकरावीचं फिजिक्स आठवा: बल म्हणजे दाब गुणिले क्षेत्रफळ. दाब तोच, पण क्षेत्रफळ वाढलं, म्हणून धक्काही वाढला. गॅरेजमधला हायड्रॉलिक जॅक याच हिशोबावर गाडी उचलतो. ते छोटं चेंबर पिस्टनसारखं मागे येऊन जड स्लाइडला हाणतं आणि बारक्या काडतुसावर मोठी बंदूक चालते. झटकाही बऱ्यापैकी खरा वाटतो.

एक खोट मात्र आहे. सुट्या चेंबरच्या फटीत काजळी आणि शिसं साचतं, त्यामुळे ते सारखं साफ करावं लागतं.

बाहेर घरच्यांनी शिक्षा कमी व्हावी म्हणून धडपड चालवली होती. ज्या शेरीफपुढे तो शरण आला होता त्यानं साथ दिली, आणि पेटच्या विधवेनंही. शिक्षा कमी झाली आणि सप्टेंबर १९२९ मध्ये तो सुटला.

मग अमेरिकी युद्ध खात्यानं त्याला काम दिलं: .३० ची ब्राउनिंग मशीनगन सरावासाठी .२२ वर चालवून दाखव. त्यानं ती चालवून दाखवली. फ्लोटिंग चेंबर १९३७ मध्ये कोल्टच्या 'सर्व्हिस एस' पिस्तुलात आलं, १९३८ मध्ये .४५ पिस्तुलावर बसणाऱ्या किटमध्ये आणि १९४१ मध्ये रेमिंग्टनच्या ५५० रायफलमध्ये. ही रायफल .२२ ची शॉर्ट, लाँग आणि लाँग रायफल ही तिन्ही काडतुसं काहीही न बदलता झाडायची. आपल्या भाषेत याला कम्पॅटिबिलिटी म्हणतात.

त्याची दुसरी कल्पना होती शॉर्ट-स्ट्रोक गॅस पिस्टन. विंचेस्टर कंपनीनं ती एम-१ कार्बाइनमध्ये वापरली. दुसऱ्या महायुद्धात या कार्बाइन ६० लाखांहून जास्त बनल्या आणि त्याला 'कार्बाइन' हे टोपणनाव मिळालं. १९५२ मध्ये त्याच्यावर हॉलिवूडचा सिनेमा आला, जेम्स स्टुअर्ट हीरो. सिनेमा पाहिला की वाटतं अख्खी कार्बाइन यानंच बनवली. खरं तर ते विंचेस्टरच्या इंजिनिअरांच्या टीमचं काम होतं आणि विल्यम्सचं त्या टीमशी फारसं जमायचं नाही. पिस्टन त्याचा, कार्बाइन सगळ्यांची. टीममध्ये काम करणाऱ्या कुणालाही हे क्रेडिटचं प्रकरण लगेच कळेल. मला विचाराल तर त्याची खरी कमाल फ्लोटिंग चेंबरमध्येच दिसते.

आजच्या किटमध्ये मात्र ते सहसा नसतं. एम-१६ रायफलीसाठी अमेरिकी सैन्यानं वापरलेल्या एम-२६१ किटमध्ये अख्खा बोल्टच हलका केलेला आहे. तिच्या नळीचा व्यास .२२ च्या गोळीला जवळजवळ जुळतो, म्हणून काम सोपं झालं. पण नळीतले पीळ वेगळ्या गोळीसाठी कापलेले असल्यामुळे नेम थोडा बिघडतो.

विल्यम्स १९७५ मध्ये राजधानी रॅलेमध्ये गेला. त्याचं वर्कशॉप तिथल्याच इतिहास संग्रहालयात ठेवलंय, हत्यारांसकट.