कड्यावर चढलेला लोहार : जॉन सालाथे

गिर्यारोहण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हिमालय आणि तरुण वीर उभे राहतात. जॉन सालाथे हा तरुणही नव्हता आणि सैनिकही नव्हता. तो होता एक लोहार!

१८९९ साली स्वित्झर्लंडमध्ये त्याचा जन्म झाला. लोहारकाम शिकून तो पुढे अमेरिकेत गेला. कॅलिफोर्नियातील सॅन मॅटिओ गावी त्याने दुकान थाटले. प्रकृती बिघडली म्हणून तो डोंगरांकडे वळला. १९४५ साली त्याने चढाईला आरंभ केला, तेव्हा त्याची पंचेचाळिशी उलटली होती.

योसेमिटी खोऱ्यातले ग्रॅनाइटचे कडे सरळसोट उभे. चढणारा भेगेत मेख ठोकतो आणि तिला दोर अडकवतो. युरोपातल्या मेखा मऊ लोखंडाच्या असत. एकदा ठोकली की ती भेगेत वाकून बसे, आणि या कठीण दगडात तर पुष्कळदा आत शिरण्याआधीच मुडपे. मग उंच कड्यासाठी इतक्या मेखा वाहायच्या कोणी? सालाथेने हा प्रश्न ऐरणीवर सोडवला. त्याने कणखर पोलादाच्या मेखा घडवल्या. जुन्या फोर्ड मोटारीच्या आसांचे पोलाद त्याने वापरले, असे सांगतात. ही मेख ठोकावी, काढावी, पुन्हा ठोकावी!

१९४६ साली ॲन्टन नेल्सनसह तो हाफ डोमचा नैऋत्य कडा चढला. १९४७ साली याच जोडीने लॉस्ट ॲरो सुळका पायथ्यापासून पाच दिवसांत सर केला. रात्री कड्यावरच काढल्या. पाणी घोटाघोटाने पुरवले. १९५० साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, तरुण ॲलन स्टेकबरोबर त्याने सेंटिनेल रॉकची उत्तर भिंत रणरणत्या उन्हात पार केली.

उत्तरायुष्य मात्र खडतर गेले. देवदूत आपल्याशी बोलतात, असे तो सांगे. संसार सुटला, अनेक वर्षे त्याने एकाकी, फिरस्त्यासारखी काढली. १९९२ साली तो वारला. एल कॅपिटनवर १९६१ साली चढल्या गेलेल्या वाटेला त्याचेच नाव आहे.

मी आमच्या घरातला पहिला कॉलेजात आलेला. वडील आजही फाळ आणि कोयते शेवटून देतात. शिकलो म्हणजे हातोड्यातून सुटलो, असे गावात सारे म्हणतात. सालाथेचे चरित्र वाचल्यापासून हे मला पटत नाही. पोलादाला पाणी किती द्यावे, हे ज्ञान पदवीहून कमी कसे? तेवढ्या ज्ञानावर दोन माणसांचे प्राण पाच दिवस दोराला टांगलेले होते.