शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ चा. लहानपणी त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी दिलेले बालगंधर्व हेच नाव पुढे घरोघरी झाले. ज्यांच्या गळ्याने महाराष्ट्राला वेड लावले, त्यांना स्वतःला मात्र त्या वयात कमी ऐकू येत असे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्यांना कानाच्या उपचारासाठी मिरजेला पाठवले. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले आणि शकुंतला म्हणून रंगमंचावर उभे राहिले. १९१३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह गंधर्व नाटक मंडळी काढली.

त्या काळी नाटकाला ध्वनिवर्धक नव्हता. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसले यांच्यासोबत झालेला संयुक्त मानापमानाचा गाजलेला प्रयोगही निव्वळ गळ्यावर झाला.

हे काम सोपे नाही. आवाज फुगत जाणाऱ्या फुग्यासारखा चहूकडे पसरतो. अंतर दुप्पट झाले की तीच ऊर्जा चौपट जागेवर वाटली जाते, म्हणजे तीव्रता पाव होते, ६ डेसिबलने घटते. दहापट अंतरावर ती शंभरावा हिस्सा उरते, २० डेसिबल कमी. कान मात्र हा हिशेब सौम्यपणे करतो. साधारण १० डेसिबल घटले की आवाज निम्मा वाटतो, म्हणून दहापट लांबच्या रसिकाला तो शंभरावा नव्हे, सुमारे पाव वाटतो. बंदिस्त नाट्यगृहात भिंती आणि छत आवाज परत फेकतात, त्यामुळे घट आणखी कमी होते. उरलेले काम गायकाचे स्पष्ट उच्चार आणि प्रेक्षकांची शांतता करते.

१५ जुलै १९६७ रोजी बालगंधर्व गेले. तोवर ध्वनिवर्धक सर्वत्र पोचला होता आणि प्रश्न उलटा झाला होता: आवाज पोचवायचा कसा हा नव्हे, त्यापासून कान वाचवायचे कसे, हा.

याचे उत्तरही अंतरातच आहे. ८५ डेसिबलचा आवाज दिवसात आठ तासांपर्यंत चालतो, असे कामगारांच्या आरोग्याचे एक प्रचलित मानक सांगते. पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. नेरूळमधल्या एखाद्या मैदानावरच्या उत्सवात स्पीकरपासून दोन मीटरवर ९७ डेसिबल असेल, तर मर्यादा अर्ध्या तासाची. चार मीटरवर ती दोन तास होते, आठ मीटरवर आठ तास. इमारतींच्या मधल्या गल्लीत किंवा स्पीकरची भिंत रचलेली असेल तिथे मात्र आवाज इतका झपाट्याने घटत नाही. तिथे आणखी लांब जावे, लहान मुलांना तर स्पीकरजवळ उभे करूच नये. घरी आल्यावर कानात शिटी वाजत असेल किंवा दडे बसल्यासारखे वाटत असेल, तर तो धोक्याचा इशारा समजावा. एक-दोन दिवसांत ते थांबले नाही, तर कानाच्या डॉक्टरांना दाखवावे. अतिआवाजाने अंतर्कर्णातल्या संवेदी पेशी मेल्या, तर त्या पुन्हा उगवत नाहीत.