कासवांचे आर्ची कार

आर्ची कार यांचा जन्म 16 जून 1909 रोजी अमेरिकेत अलाबामा राज्यातील मोबील या गावी झाला. त्यांचे वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. वडिलांना मासे पकडायचा आणि रानात फिरायचा नाद होता, तोच मुलाला लागला. लहानपणी आर्ची साप, बेडूक, कासवे असं काय काय घरी आणायचे. तरुणपणी त्यांच्या हाताच्या हाडाला मोठा आजार झाला. पुष्कळ ऑपरेशने झाली आणि एक हात कायमचा आखडला. तरी पुढे त्यांनी शंभर किलोच्या वरची कासवे हाताळली!

फ्लोरिडाच्या विद्यापीठात ते शिकले आणि तिथेच प्राध्यापक झाले. 1937 साली त्यांचे लग्न मार्जोरी यांच्याशी झाले. त्यासुद्धा प्राणिशास्त्र शिकलेल्या होत्या. त्या आजारी लावे पक्षी घेऊन विद्यापीठात तपासायला आल्या, तेव्हा दोघांची ओळख झाली. त्यांना पाच मुले झाली.

आता कासवांचे सांगतो. मध्य अमेरिकेत कोस्टारिका नावाचा देश आहे. तिथे तोर्तुगेरो नावाचा किनारा आहे. आपली वाळू पांढरी असते, तिथली काळी आहे. लांबी सुमारे 35 किलोमीटर. तिथे हिरवी कासवे अंडी घालायला येतात. हिरवे कासव म्हणजे पाठ हिरवी नसते बरं का, आतली चरबी हिरवी असते. ते समुद्रातले गवत खाते. मादी रात्री वर येते, मागच्या पायांनी खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. पिल्लांना बघायला परत येत नाही.

कार तिथे गेले तेव्हा फार वाईट चालले होते. माणसे किनारा वाटून घेत. एकेकाला एकेक मैल. मादी वर आली की तिला धरून उलटी टाकत. हिरवे कासव पाठीवर पडले की त्याला आपल्याआपण सुलटे होता येत नाही. मग ते तसेच पडून राहायचे, डोळ्यातून पाणी येत. (ते पाणी रडण्याचे नाही, शरीरातले मीठ बाहेर टाकण्याचे असते. पण मला वाचून वाईटच वाटले.) मग बोटी येत आणि कासवे घेऊन जात. परदेशात त्यांचे सूप करत. पुष्कळ माद्या अंडी घालायच्या आधीच उलट्या टाकल्या जात. म्हणजे मादी पण गेली आणि पिल्ले पण गेली. असंच चालले असते तर काही वर्षांनी एकसुद्धा कासव उरले नसते.

कार यांना वाटले, कासवे वाचवायची तर आधी ती जातात कुठे ते कळले पाहिजे. तेव्हा कोणालाच ते माहीत नव्हते. म्हणून 1955 साली त्यांनी तोर्तुगेरोला कासवांना नंबर लावायला सुरुवात केली. आधी पाठीच्या कडेला भोक पाडून तारेने पत्र्याची पट्टी बांधली. पण समुद्रात गेल्यावर त्या पट्ट्या निघून पडायच्या. मग त्यांनी काय केले, गुरांच्या कानाला मारतात तो धातूचा बिल्ला घेतला आणि कासवाच्या पुढच्या पायाला मारला. तो टिकला. आपल्या गाईंच्या कानाला पिवळा बिल्ला असतो ना, तसेच समजा. मला ही युक्ती फार आवडली. एवढे मोठे शास्त्रज्ञ, पण वस्तू गोठ्यातली.

बिल्ल्यावर नंबर होता, विद्यापीठाचा पत्ता होता, आणि बिल्ला परत पाठवणाऱ्याला बक्षीस मिळेल असे लिहिलेले होते. बक्षीस पाच डॉलर. मग दूरदूरच्या कोळ्यांकडून पत्रे येऊ लागली. सगळ्यात जास्त बिल्ले निकाराग्वा देशाच्या किनाऱ्यावरून आले, कारण तिथे समुद्रात गवताची मोठी कुरणे आहेत. बहुतेक पत्रे कासव मारून खाणाऱ्यांचीच असायची! तरी कार त्यांच्यावर रागावले नाहीत, बक्षीस पाठवले. त्यांच्यामुळेच कळले की कासव एका देशात चरते आणि दुसऱ्या देशात अंडी घालते. म्हणजे एकट्या देशाने वाचवून ते वाचत नाही.

1956 साली त्यांचे द विंडवर्ड रोड हे पुस्तक निघाले. ते वाचून जोशुआ पॉवर्स नावाच्या गृहस्थांनी त्याच्या प्रती मित्रांना वाटल्या आणि 1959 साली कासवांसाठी एक संस्था उभी राहिली. कार तिचे शास्त्रज्ञ झाले.

नंतर एक मज्जा झाली. अमेरिकेच्या आरमाराची विमाने मदतीला आली. तोर्तुगेरोची अंडी आणि हजारो पिल्ले विमानात घालून, जिथली कासवे खाऊन संपली होती त्या किनाऱ्यांवर नेऊन सोडली. हे 1960 च्या सुमारास सुरू झाले आणि 1968 पर्यंत चालले. पण तिथे कासवांची नवी वस्ती झालेली काही दिसली नाही. माझ्या मते खर्च फुकट गेला असे म्हणू नये, कारण त्यामुळे कितीतरी देशांतल्या लोकांना कासवांची माहिती झाली.

आणखी एक कोडे होते. पिल्ले पाण्यात शिरली की नाहीशी व्हायची, मोठी होईपर्यंत कोणाला दिसायची नाहीत. कार यांनी शोधून काढले की ती समुद्रावर तरंगणाऱ्या शेवाळाच्या गादीत लपून वाहत जातात. तिथेच खातात, तिथेच वाढतात.

1975 साली कोस्टारिकाच्या सरकारने तोर्तुगेरोला राष्ट्रीय उद्यान केले. त्यानंतर घरटी खूप वाढली. अलीकडच्या वर्षांत मात्र ती परत कमी होऊ लागली आहेत.

21 मे 1987 रोजी आर्ची कार वारले. 1991 साली फ्लोरिडातल्या कासवांच्या एका किनाऱ्याला त्यांचे नाव दिले. मार्जोरीबाईंनी एक मोठा कालवा थांबवून तिथली नदी वाचवली होती. त्या 1997 साली वारल्या.

कार यांचा बिल्ला आता आपल्याकडेसुद्धा आला आहे. 2021 साली ओडिशात एका ऑलिव्ह रिडले मादीच्या पायाला 03233 नंबर मारला होता. तीच मादी 27 जानेवारी 2025 च्या रात्री आपल्या गुहागरला अंडी घालायला आली! कुठे पूर्वेचा समुद्र आणि कुठे आपला. त्याआधी ओडिशाची कासवे इकडे येतात हे कोणी सांगितले असते तर खरे वाटले नसते. एका नंबराने कळले.

ज्यांचे बाबा, काका होडीवर जातात त्यांनी घरी सांगा. जाळ्यात कासव आले तर जाळे कापून सोडायचे, आणि सोडायच्या आधी पुढचे दोन्ही पाय बघायचे. बिल्ला असेल तर काढायचा नाही. नंबर लिहून घ्यायचा आणि वनखात्याला कळवायचा.

— इयत्ता 4 थी