हंसा वाडकर : पडद्यावरची आणि पडद्यामागची

आमच्या झाडीपट्टीत दिवाळी सरली, धान कापून झाले की गावोगावी मंडई भरते आणि मंडईच्या रात्री नाटक असते. वडशाहून कंपनी येते. रात्री उघडलेला पडदा कोंबडा आरवेपर्यंत पडत नाही. कलावंतांच्या उतरण्याची सोय गावातल्याच घरी होते. मी दहावीत होते त्या वर्षी एक नटी आमच्या घरी उतरली होती. रात्री साऱ्या गावाने तिच्या लावणीवर शिट्ट्या मारल्या. सकाळी ती तोंडावरचा रंग धुऊन, तान्हे मूल मांडीवर घेऊन आमच्या ओट्यावर बसली होती. तिने माझ्याकडे पाणी मागितले. मायने डोळ्यांनीच खुणावले आणि मी पेला तिच्या हातात न देता समोर जमिनीवर ठेवला. तिने तो मुकाट्याने उचलला.

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नव्हती. यंदा आपल्या ग्रंथालयात हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका' हे आत्मचरित्र हाती लागले. वाचता वाचता तो पेला मला पुन्हा दिसू लागला. त्यासाठीच हा लेखनप्रपंच.

हंसाबाईंचे खरे नाव रतन साळगावकर. जन्म 1923 सालचा, मुंबईचा. घराणे कलावंतिणींचे. गाणे घरात होते, पण पैसा नव्हता. शाळेत जाण्याच्या वयात घर चालविण्याचा भार या मुलीवर आला. 1936 साली 'विजयाची लग्ने' या चित्रपटात ती नायिका झाली, तेव्हा तिचे वय अवघे तेरा वर्षांचे होते. सिनेमात घराण्याचे नाव नको, अशी घरच्यांची इच्छा. आत्या इंदिरा वाडकर आधीच पडद्यावर होत्या. त्यांचे आडनाव उचलले आणि रतनची हंसा झाली. वाचकहो, येथे मी क्षणभर थांबले. मुलीची कमाई चालत होती, मुलीच्या अंगावरचे नाव मात्र चालत नव्हते!

तो काळ डोळ्यांसमोर आणावा लागेल. दादासाहेब फाळक्यांनी 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा तारामतीच्या कामाला एकही स्त्री मिळाली नाही आणि साळुंके नावाच्या पुरुषाने ती भूमिका केली. आमच्याकडे दंडारीत पुरुषच लुगडे नेसून नाचत, तसेच ते. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासूर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या मायलेकी पडद्यावर आल्या आणि वाट मोकळी झाली. पुढे पंचवीस वर्षांत चित्र पालटले. 1938 साली 'ब्रह्मचारी' चित्रपटात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात दिसल्या आणि महाराष्ट्रात एकच खळबळ उडाली. लोकांनी नावे ठेवली आणि लोकांनीच तिकिटांसाठी गर्दी केली. 1941 मध्ये पदवीधर लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. नटीचा चेहरा आता विकाऊ माल झाला होता. तो भिंतीवर लागे, दुकानात लागे, पाकिटातही राही. पण त्या चेहऱ्याच्या बाईला घराचा उंबरा मोकळा होता का, हा प्रश्न कोणी विचारीत नव्हते.

हंसाबाई याच लाटेवर वर चढल्या. बॉम्बे टॉकीजच्या 'नवजीवन'मध्ये (1939) त्या नायिका होत्या. पुण्याच्या प्रभात कंपनीने 1941 साली 'संत सखू' काढला. त्यात त्या सखू झाल्या. पडद्यावर सासुरवास सोसणारी, विठ्ठलाच्या ओढीने पंढरीला निघालेली ती सखू महाराष्ट्राला भावली. 1947 साली राजकमलचा 'लोकशाहीर रामजोशी' आला. जयराम शिलेदार रामजोशी आणि हंसाबाई बया. ग. दि. माडगूळकरांची लेखणी आणि वसंत देसाईंचे संगीत. या चित्रपटाने मराठीत तमाशाप्रधान चित्रपटांचा जमाना सुरू झाला. 1950 चा 'पुढचं पाऊल' आणि 1959 चा अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' ही त्याच वाटेवरची पुढची ठाणी. 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात 131 आठवडे चालला. माझ्या वसतिगृहातील मैत्रिणीसोबत मी तो मोबाइलच्या चिमुकल्या पडद्यावर पाहिला. ढोलकी वाजली आणि हंसाबाईंची नजर वर उठली की आजही मान डोलावी लागते.

ही झाली पडद्यावरची हंसा. पडद्यामागची निराळीच होती.

पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचे लग्न झाले. नवरा वयाने बराच मोठा. लग्न झाले की सिनेमा सुटेल, आपण चारचौघींसारख्या संसार करू, ही त्यांची आशा होती. घडले उलटेच. लग्नानंतरही त्या कामावर जातच राहिल्या आणि कमाईची सूत्रे नवऱ्याच्या हाती गेली. चित्रपटाचे करार, पैसा, येणे-जाणे, सगळ्यावर पहारा आणि त्याच्या जोडीला संशय. जिच्या सौंदर्यावर घर जगत होते, त्याच सौंदर्यासाठी तिला मार खावा लागत होता. मूल व्हावे ही तिची इच्छाही पुष्कळ काळ तिच्या हाती राहिली नाही.

या जाचातून त्या पळाल्या. पण कुठे? एका माणसाबरोबर मराठवाड्यातल्या खेड्यात. तेथे त्याच्या घरात आधीच्या बायका होत्या. लाखो लोकांनी जिला पाहिले, ती तीन वर्षे चार भिंतींच्या आत पदराआड राहिली. घराबाहेर पाऊल टाकण्याची मोकळीक नव्हती. अखेर त्यांनी स्वतःच नवऱ्याला निरोप पाठविला आणि तो येऊन त्यांना घेऊन गेला. एका तुरुंगातून सुटायचे तर दुसऱ्या तुरुंगाचेच दार वाजवावे लागले! पुढे दारू जडली. माणसे आली, गेली. 1971 साली, पन्नाशीही गाठण्याआधी, त्यांचे निधन झाले.

जाण्यापूर्वी मात्र त्यांनी एक मोठे काम केले. आपली सारी कहाणी अरुण साधू यांना सांगितली. ती आधी 'माणूस' साप्ताहिकातून आली आणि 1970 साली राजहंस प्रकाशनाने पुस्तकरूपाने काढली. नाव दिले गाजलेल्या चित्रपटाचेच. त्या पुस्तकात रडगाणे नाही. स्वतःच्या चुका, दारू, मोह त्यांनी लपविले नाहीत. नवऱ्याला राक्षस आणि स्वतःला देवी केले नाही. मला वाटते, हेच लोकांना जड गेले असावे. सोसणारी सखू समाजाला हवी असते, पण सोसून झाल्यावर बोलणारी बाई परवडत नाही. 1977 साली श्याम बेनेगल यांनी याच पुस्तकाच्या आधारे 'भूमिका' हा हिंदी चित्रपट काढला आणि त्यातील कामासाठी स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

कोणी म्हणेल, हंसाबाईंनी स्वतःच वाट चुकली, दोष समाजाचा का? मी यावर पुष्कळ विचार केला. चुका त्यांच्या होत्या, हे त्यांनीच कबूल केले आहे. पण तेरा वर्षांच्या मुलीला कामावर कोणी पाठविले? तिच्या कमाईवर कोण जगले? आणि तिला नावे ठेवणाऱ्यांनी तिकीट काढणे कधी थांबविले? चूक एकटीच्या पदरात टाकायची आणि करमणूक सगळ्यांनी वाटून घ्यायची, हा हिशेब मला पटत नाही.

माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. बाबा धानाच्या बांधीत राबतात, माय उन्हाळ्यात मोहफुले आणि तेंदूपाने वेचते. यंदाच्या स्नेहसंमेलनात नाटकात काम करू का, असे मी घरी विचारले, तेव्हा माय घाबरली. लोक काय म्हणतील, ही तिची भीती. मी तिच्यावर रागावले नाही, कारण काही वर्षांपूर्वी जमिनीवर पेला ठेवणारी मीच होते. त्या रात्री मी तिला हंसाबाईंची गोष्ट सांगितली. ती चुलीतली लाकडे सारीत ऐकत राहिली. शेवटी तिने एवढेच विचारले की त्या बाईच्या लेकराचे पुढे काय झाले. कोणत्या बाईच्या, हे मला प्रथम कळलेच नाही. ती आमच्या ओट्यावरच्या बाईविषयी विचारीत होती. मायही ते विसरली नव्हती.

नाटकात काम करण्याची परवानगी मला अजून मिळालेली नाही. पण येत्या मंडईत कंपनीच्या बाया आमच्याच घरी उतरतील, असे मायने स्वतः गावात सांगून ठेवले आहे. पाणी मी देणार आहे. हातात.