हरि नारायण आपटे : इतिहासाला माणसांचे मुख देणारा कादंबरीकार

होळकरांच्या छत्राखाली मराठी भाषा ज्या इंदूर नगरीत नांदली, तेथील वाचकाला शिवकालाची पहिली ओळख बहुधा इतिहासग्रंथांतून झाली नाही. ती कादंबरीतून झाली. रा. भि. गुंजीकरांच्या ‘मोचनगड’ने १८७१ साली मराठी ऐतिहासिक कादंबरीचे दार उघडले खरे, परंतु त्या दारातून सबंध वाचकवर्गाला आत नेण्याचे श्रेय हरि नारायण आपटे यांचेच होय.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. आईचे छत्र बालपणीच हरपले. चुलते महादेव चिमणाजी आपटे यांच्या आश्रयाने ते वाढले, आणि पुढे त्यांनी स्थापिलेल्या पुण्यातील आनंदाश्रम संस्थेचा कारभार हरिभाऊंनीच वाहिला. चिपळूणकर आणि आगरकर यांच्या विचारांचा संस्कार विद्यार्थिदशेतच त्यांच्यावर झाला. पदवी मात्र त्यांच्या हाती आली नाही. इंग्रजी कादंबरीचे व्यापक वाचन हेच त्यांचे खरे विद्यापीठ ठरले.

१८९० साली त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि सुमारे सत्तावीस वर्षे चालविले. त्यांच्या बहुतेक कादंबऱ्या या पत्रातूनच प्रकरणाप्रकरणाने प्रसिद्ध झाल्या. बालविधवा यमूची करुण कहाणी सांगणारी ‘पण लक्षात कोण घेतो’ आणि शिवकालाच्या आरंभाचे चित्र रेखाटणारी ‘उषःकाल’ ही दोन्ही अपत्ये त्याच पत्राची. एकाच लेखणीने वर्तमानातील अन्याय आणि भूतकाळातील पराक्रम हे दोन्ही विषय हाताळावेत, याचे अनेकांना नवल वाटे. वास्तविक या दोहोंत अंतर नव्हते. सत्तेपुढे किंवा रूढीपुढे असहाय झालेल्या माणसाने काय करावे, हाच प्रश्न हरिभाऊ दोन्हीकडे विचारीत होते.

१८९५ ते १८९७ या काळातील ‘उषःकाल’मध्ये रंगराव अप्पा विजापूर दरबाराशी इमान राखणारे किल्लेदार आहेत, तर त्यांचे पुत्र नानासाहेब शिवाजी महाराजांकडे ओढले जातात. दोघेही आपापल्या परीने प्रामाणिक आहेत. म्हणूनच त्यांचा झगडा मनाला भिडतो. परसत्तेखालील वाचकाला या पितापुत्रांत आपल्याच घरातील पेच दिसला असल्यास नवल नाही. ‘गड आला पण सिंह गेला’मध्ये सिंहगडाच्या १६७० मधील लढाईइतकेच महत्त्व कमलकुमारी या रजपूत विधवेवरील संकटाला आहे. माळव्याच्या शेजारच्या रजपूत भूमीवर घडणाऱ्या ‘रूपनगरची राजकन्या’मध्ये तर औरंगजेबाची मागणी नाकारणारी तरुणीच कथेचे केंद्र आहे.

हरिभाऊंच्या हाती साधने थोडी होती. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये, म्हणजे ‘उषःकाल’ पूर्ण झाल्यावर निघाला. कौटिल्याचे ‘अर्थशास्त्र’ १९०९ मध्ये छापून प्रसिद्ध झाले. हरिभाऊंची ‘चंद्रगुप्त’ त्याआधीच पूर्ण झाली होती. बखरी, पोवाडे व कल्पनाशक्ती यांवरच त्यांना बव्हंशी विसंबावे लागले. त्या कल्पनेचे सामर्थ्य आणि तिचा धोका, दोन्ही ध्यानी घेण्याजोगे आहेत. तानाजीच्या मरणामुळेच कोंढाण्याचे सिंहगड झाले, अशी समजूत घरोघर रुजली आणि हरिभाऊंच्या कादंबरीने ती दृढ केली. परंतु तानाजीच्या मृत्यूपूर्वीच्या पत्रव्यवहारातही सिंहगड हे नाव आढळते. कादंबरी वाचून इतिहास जाणण्याची ओढ लागावी, मात्र कादंबरीलाच इतिहास मानू नये, हा विवेक वाचकाने बाळगावयास हवा.

साप्ताहिकाच्या तगाद्याखालील लेखनाचे दोषही त्यांच्या कृतींत उतरले. प्रकरणे लांबतात, वेषांतरे व योगायोग वारंवार येतात. ‘सूर्यग्रहण’ आणि ‘कालकूट’ या कादंबऱ्या तर अपुऱ्याच राहिल्या. तरीही १९१२ च्या अकोला साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, ते मराठी कादंबरीला त्यांनी मिळवून दिलेल्या प्रतिष्ठेमुळेच.

त्यांची अखेरची मोठी ऐतिहासिक कादंबरी ‘वज्राघात’ ही विजयाची नव्हे, विनाशाची कथा आहे. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत विजयनगर बुडाले. त्या नाशाचे मूळ हरिभाऊंनी केवळ शत्रूंच्या एकजुटीत शोधले नाही. रामराजाने मेहेरजान या स्त्रीशी केलेल्या विश्वासघातातही ते शोधले. यमूचे दुःख ज्यांनी जगापुढे मांडले, त्यांनीच एका साम्राज्याचा हिशेबही एका वंचित स्त्रीच्या अश्रूंनी मांडला. हरिभाऊंचे मोठेपण येथे पूर्णत्वाने प्रकटते.

३ मार्च १९१९ रोजी, वयाची ५५ वर्षे पूर्ण होण्यास पाच दिवस उरले असता, पुण्यात त्यांचे निधन झाले. ऐतिहासिक कादंबरीच्या वाचनास नव्याने आरंभ करणाऱ्याने प्रथम ‘उषःकाल’ आणि मागाहून ‘वज्राघात’ हाती घ्यावी. एका राज्याचा उदय आणि दुसऱ्याचा अस्त यांच्यामध्ये हरिभाऊंच्या विचाराचा सारा प्रवास वाचकाला गवसेल.